‘गॅस मारून देऊ का?’

मार्च संपत आला की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या गॅरेजांमध्ये एकच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात. ‘एसी गार होतो हो, पण फार वेळ लावतो.’ निगडीपासून देहूरोडपर्यंत आणि तिथून पुढे सोमाटणे फाट्यापर्यंत, कुठल्याही पत्र्याच्या शेडखाली थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. त्यावरचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘गॅस मारून देऊ का?’ गिऱ्हाईक मान हलवतं. फिकट निळं सिलिंडर येतं, लाल-निळ्या नळ्या जोडल्या जातात, गेजचे काटे हलतात, बोनेट धाडकन बंद होतं. काही दिवस बरे जातात. मेमध्ये तीच गाडी पुन्हा त्याच शेडखाली उभी असते.

एसी साफ बंद पडला असेल तर काम सोपं असतं, असं या धंद्यातली माणसं म्हणतात. फ्यूज उडालाय, वायर उंदरानं खाल्लीय, पट्टा तुटलाय, नाहीतर सगळा गॅस निघून गेलाय. कारण एकच आणि ते सापडतं. उशीर करणाऱ्या एसीत सगळे भाग चालू असतात. कॉम्प्रेसर लागतो, पंखा फिरतो, हवा येते, शेवटी गारवाही येतो. मग नेमकं बिघडलंय काय? इथं अंदाज सुरू होतो, आणि अंदाजाला सगळ्यात सोयीचं उत्तर म्हणजे गॅस.

हे शोधायला देहूरोडपेक्षा सोयीची जागा मिळणं कठीण आहे. हे गाव म्हणजे कॅन्टोन्मेंट, लष्कराचा दारूगोळा डेपो, आयुध निर्माणी, आणि 1954 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ती धम्मभूमी. पण गाडीवाल्याच्या नकाशावर ते रस्त्यांचं तोंड आहे. कात्रजहून निघालेला बायपास इथं जुन्या हायवेला मिळतो. बाजूलाच किवळ्याला द्रुतगती महामार्ग सुरू होतो. तळवड्याकडून चाकणचा माल उतरतो. सेंट्रल चौकात गाडी मुंगीच्या पावलानं सरकते, त्याच गाडीला पुढच्या काही मिनिटांत शंभराचा वेग मिळतो, आणि तासाभरात ती लोणावळ्याच्या गार हवेत किंवा खंडाळ्याच्या घाटात असते. एसीची परीक्षा घेणाऱ्या परिस्थिती एका सरळ रस्त्यावर ओळीनं मांडून ठेवल्या आहेत. पुढे टाकव्याला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं चाचणी-केंद्र आहे, तिथल्या मार्गिकांवर कंपन्या आपल्या गाड्या पारखून घेतात. देहूरोडच्या मेकॅनिकला रस्ताच पुरतो.

ज्यांच्या शेडमध्ये मी या लेखासाठी बसून होतो, त्या एसीवाल्या काकांनी नाव छापू नका असं बजावलं. ‘सगळे फुकटचं विचारायला येतील.’ आयटीआयला त्यांनी रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला. मोटार मेकॅनिकचं काम नंतर हाताखाली शिकले. हा तपशील बारीक वाटेल, पण आपल्याकडच्या गाडीच्या एसीची बरीचशी रडकथा या दोन ट्रेडच्या मधल्या फटीत आहे. इंजिनवाल्याला गॅसचं शास्त्र ठाऊक नसतं. फ्रिजवाल्याला रेडिएटरचा पंखा आणि हीटरचा फ्लॅप ठाऊक नसतो. गाडी दोघांकडे जाते आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

काकांचा पहिला प्रश्न गॅसचा नसतो. ते विचारतात, ‘कधी गार होत नाही?’ सकाळी की दुपारी? सिग्नलला की हायवेला? चालू केल्या केल्या की अर्ध्या तासानं? हवा कमी येते, की येते भरपूर पण कोमट? डावीकडच्या जाळीतून आणि उजवीकडच्या जाळीतून सारखीच येते का? बहुतेकांना यातलं काही सांगता येत नाही. मग काका शेजारी बसतात, मधल्या जाळीत खोचलेला थर्मामीटर नीट करतात आणि म्हणतात, ‘चला साहेब, सोमाटण्यापर्यंत जाऊन येऊ.’

आत काय चालतं ते थोडक्यात सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं म्हणून. गाडीच्या एसीत पाण्याच्या जागी असा द्रव असतो जो फार लवकर उकळतो. बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा गॅस उघड्या हवेत उणे 26 अंशांना उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याच्यावर साधारण 30 पीएसआयचा दाब ठेवला तर तो शून्याच्या आसपास उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर खेचतो आणि दाबून दोनशे-सव्वादोनशे पीएसआयवर नेतो. एवढ्या दाबाला तो पंचावन्न-साठ अंशांवरच पुन्हा द्रव होऊ शकतो, त्यामुळे चाळीस अंशांची बाहेरची हवासुद्धा त्याला थंड करायला पुरते. हे काम समोरच्या जाळीमागचा कंडेन्सर करतो. तिथून द्रव ड्रायर बाटलीतून गाळून निघतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटतो आणि पुन्हा कॉइलमध्ये. आतली उष्णता उचलायची आणि बोनेटपुढे नेऊन टाकायची, एवढंच हे चक्र.

यात लक्षात घ्यायचं ते असं की गॅस कुठंही खर्च होत नाही. पेट्रोल जळतं, ऑइल काळं पडतं. गॅस फिरतच राहतो. फिरत्या कॉम्प्रेसरच्या सीलमधून आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे मान्य. पण दर उन्हाळ्यात ‘संपत’ असेल तर कुठंतरी भोक आहे. आणि भोक न शोधता वरून भरलेला गॅस त्याच भोकातून जाणार.

आता गेजची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त फसगत इथं होते. बंद गाडीला गेज लावला की काटा नव्वद-शंभरच्या घरात जातो. गिऱ्हाईकही ते पाहतं आणि खूश होतं : गॅस आहे. खरं तर त्या काट्यानं फक्त हवामान सांगितलेलं असतं. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब ठरतो तो तापमानावर. तीस अंशांना साधारण 97 पीएसआय, चाळीस अंशांना सुमारे 133. आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे, काटा तेच सांगणार. गॅस किती आहे हे कळायचं असेल तर एकच खात्रीचा मार्ग : सगळा यंत्रानं काढून घ्या, वजन करा, आणि बोनेटखालच्या चिकटपट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढेच परत घाला. लहान गाड्यांत तो आकडा चारशे-पाचशेच्या आसपास असतो. पन्नास-साठ ग्रॅमची तूट म्हणजे दहा टक्क्यांवर तूट. ती हाताला नळी गार लागतेय का पाहून कळत नाही.

आणि जास्त झाला तर? हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण काकांकडे येणाऱ्या उशिरा गार होणाऱ्या गाड्यांत जास्त भरलेल्याही पुष्कळ असतात. जादा द्रव कंडेन्सरची जागा अडवतो, वाफ थंड व्हायला जागा कमी उरते, वरचा दाब चढतो, कॉम्प्रेसरला ओझं होतं, आणि दाब फारच वाढला की स्विच कॉम्प्रेसर तोडतो. गिऱ्हाईकाला वाटतं गॅस पुन्हा कमी झाला. पुन्हा भरतात.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम मारायचा असतो, यालाही अनेक ठिकाणी कात्री लागते. ‘दोन मिनिटं पंप लावला’ हे व्हॅक्यूम नव्हे. उघडलेल्या नळ्यांत हवेबरोबर ओल शिरते. ती काढायची तर आतला दाब एवढा खाली न्यावा लागतो की खोलीच्या तापमानालाच पाणी उकळून वाफ होईल. तीस अंशांना हे घडतं ते बाहेरच्या दाबाच्या साधारण विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्यावर. त्याला चांगला पंप आणि अर्धा तास लागतो. इथं देहूरोडची एक गंमत आहे. पुस्तकांत लिहिलेलं असतं की काटा पाऱ्याच्या उणे 30 इंचांच्या जवळ गेला पाहिजे. पण ते समुद्रसपाटीचं. देहूरोड साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. इथं हवेचाच दाब सुमारे 28 इंच. पंप कितीही भारी आणा, काटा त्यापुढे जाणार नाही. मुंबईहून काम शिकून आलेला नवा पोरगा इथं लिकेज शोधत बसतो, असं काका हसत सांगतात.

आत राहिलेल्या ओलीचं लक्षण मात्र देखणं असतं. एसी मस्त गार होतो, मग एकाएकी कोमट. पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, पुन्हा गार. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात ओलीचा बर्फ होऊन वाट बंद पडते, तो वितळला की उघडते. ड्रायर बाटलीतली ओल शोषणारी पूड भरून गेली की हे सुरू होतं. उपाय म्हणजे बाटली बदला आणि नीट व्हॅक्यूम घ्या. गॅस टाकून ओल जात नाही.

सोमाटण्याच्या फेरीत काका बघतात ते हेच : उशीर कुठल्या जातीचा आहे.

सेंट्रल चौकात कोमट आणि घोरवडेश्वराचा डोंगर दिसू लागेपर्यंत गार होणारी गाडी असेल, तर संशय बोनेटच्या पुढच्या बाजूला. वेगात वारा कंडेन्सरवर आपोआप आदळतो; थांबलेल्या गाडीत पंख्यावरच सगळी भिस्त. पंख्याचा एक वेग गेलेला असतो, रिले कधी लागतो कधी नाही, किंवा मोटर म्हातारी झालेली असते. काका समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरतात : तो चिकटला तर पंखा ओढतोय. दुसरी परीक्षा आणखी साधी. कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारतात आणि आतला थर्मामीटर पाहतात. आकडा भराभर उतरला तर गॅसला हातही लावायचा नाही. कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. रात्रीच्या द्रुतगती मार्गावरचे किडे, बांधकामाच्या डंपरांची धूळ, कधी चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि या सगळ्यावर सर्व्हिसिंगवाल्यानं जवळून मारलेला पाण्याचा जोरदार झोत. त्या झोतानं कंडेन्सरच्या पातळ पत्त्या आडव्या पडतात आणि जाळीची भिंत होते. बारीक कंगव्यानं पत्त्या सरळ करायचं काम कंटाळवाणं आहे, त्याचे पैसे कुणी खुशीनं देत नाही, आणि गुण मात्र कधी कधी नव्या कंडेन्सरइतका येतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटंच त्रास आणि नंतर दिवसभर उत्तम, असं असेल तर बहुधा गाडीला काहीच झालेलं नाही. हे पटवणं सगळ्यात अवघड. उन्हात उभ्या गाडीत तापते ती नुसती हवा नव्हे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या ठेवलेल्या गाड्यांत आतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली होती, पण डॅशबोर्ड 69 वर, स्टिअरिंग 53 वर. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड 48. आतल्या हवेचं वजन जेमतेम तीन-चार किलो. ती चुटकीसरशी थंड होते. पण डॅशबोर्ड, सीट आणि छताचं अस्तर मिळून कितीतरी किलोचा माल ती पुन्हा तापवत राहतो. म्हणून आधी चारही काचा खाली करून गाडी थोडी पळवायची, गरम हवा बाहेर घालवायची, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबायचं. उभ्या गाडीत काचा लावून एसी पूर्ण सोडून वाट बघत बसणं हा सगळ्यात संथ मार्ग, कारण तेव्हा इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर असतं आणि कॉम्प्रेसरही त्याच बेतानं रेंगाळत असतो. काळ्या फिल्मचा उपाय 27 एप्रिल 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाला; तेव्हापासून काचेवरच्या पडद्यांचा धंदा वाढला. कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवर मोठी झाडं अजून टिकून आहेत, तिथं गाडी लावून चार पावलं चालत आलेलं काय वाईट?

झाडांचीही एक किंमत असते म्हणा. चिंचेचा, शिरीषाचा बारीक पाला समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत जातो आणि फिल्टरवर, फिल्टर नसेल तर थेट कॉइलवर बसतो. अशा गाडीची तक्रार नीट ऐकली तर ‘गार नाही’ अशी नसते, ‘जोर नाही’ अशी असते. ब्लोअर चारवर आणि वारा दोनचा. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढला की राखाडी गादी बाहेर येते. हे काम घरी, हातानं, बहुतेक गाड्यांत पाच मिनिटांत होतं. अडलेल्या हवेमुळे कॉइलवर बर्फ धरतो, मग उरलेली हवाही थांबते. एसीचं बटण बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवला आणि थोड्या वेळानं जोर परत आला, सोबत गाडीखाली पाण्याची धार लागली, तर बर्फच होता. एरवी गाडीखाली टपकणारं पाणी ही चांगली खूण. ते थांबलं आणि पुढच्या सीटखालची चटई ओली लागली, तर नळी तुंबलीय.

सुरुवातीला गार, इंजिन तापलं की कोमट : ही तिसरी जात, आणि यात दोन वेगळे गुन्हेगार एकाच वेषात फिरतात. एक म्हणजे हीटरचा फ्लॅप. बहुतेक गाड्यांत गार कॉइलची हवा आणि गरम पाण्याच्या हीटरची हवा एका झडपेनं मिसळतात. झडपेचं प्लॅस्टिकचं चाक झिजलं, दात तुटला, की ती अर्धवट उघडी राहते. इंजिन थंड आहे तोवर हीटरही थंड, म्हणून काही कळत नाही. पाणी तापलं की तोच हीटर एसीशी भांडायला लागतो. गेज लावला तर दोन्ही आकडे उत्तम. मग काय करणार, म्हणून गॅस.

दुसरा गुन्हेगार कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच. बटण दाबल्यावर बोनेटमधून ‘टक्’ असा आवाज येतो तो याचा. चुंबक पुढची ताटली ओढून फिरत्या पुलीला चिकटवतो. दोघांमधली फट नवीन असताना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. घासून घासून ती वाढते. तारेची गुंडाळी तापली की तिचा विरोध वाढतो, करंट कमी मिळतो, चुंबक दुबळा पडतो, आणि वाढलेली फट त्याला ओढवत नाही. गाडी निवली की पुन्हा ‘टक्’. अशा गाडीचा कॉम्प्रेसर बदलून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. फीलर गेजनं फट मोजून मधली पातळ चकती काढली की अनेकदा भागतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतला एक व्हॉल्व्ह त्याचा पल्ला कमी-जास्त करतो. तिथं तो ‘टक्’ ऐकायला कान लावून बसलेले जुने मिस्त्री बुचकळ्यात पडतात.

या क्लचवरून आठवलं. गाडीत एसी देणारी पहिली मोठी कंपनी अमेरिकेतली पॅकार्ड. 1939 च्या अखेरीस शिकागोच्या प्रदर्शनात तिनं तो मांडला. त्या यंत्राला क्लच नव्हताच. एसी बंद करायचा तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बोनेट उघडायचं आणि पट्टा उतरवायचा. आपल्याकडे 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली आणि 1985 मध्ये सुब्रोस ही गाड्यांचे एसी बनवणारी कंपनी उभी राहिली, तेव्हा कुठं मध्यमवर्गाच्या बोलण्यात ‘एसी मॉडेल’ हा शब्द आला. पिंपरीच्या कारखान्यातून 1998 नंतर इंडिका बाहेर पडू लागली तोवर तो हुंड्याच्या यादीपासून टॅक्सीच्या दरपत्रकापर्यंत सगळीकडे पोचला होता. 2009 च्या नॅनोच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला मात्र एसी नव्हता.

घाटाबद्दल एक वेगळी तक्रार येते, विशेषतः मुंबईहून आलेल्यांची : खोपोली सोडली की एसी मरतो आणि लोणावळ्यात जिवंत होतो. कॉम्प्रेसर इंजिनाची दोन-चार किलोवॅट ताकद खातो. लहान गाडी, पाच माणसं, डिकीत सामान आणि पाय पूर्ण दाबलेला; अशा वेळी गाडीचा संगणक स्वतःच कॉम्प्रेसर काही वेळ तोडतो. आधीच्या पिढीतले ड्रायव्हर बोरघाट लागला की हातानं एसी बंद करायचे, आता तेच काम चिप करते. यावर दुरुस्ती नाही. पावसाळ्यात याच रस्त्यावर, जिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, एसी लागतो तो काचेवरचं धुकं काढायला, आणि तेव्हा गारव्याची तक्रार कुणीच करत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळं माहीत असूनही गॅसच का मारला जातो? गॅरेजवाले लबाड आहेत असं म्हणून मोकळं होता येतं, आणि काही आहेतही. पण काकांच्या शेडमध्ये बसून मला दिसलं ते वेगळं. बिलावर काय लिहायचं, ही खरी अडचण आहे. गॅसला वजन आहे, दर आहे, सिलिंडर डोळ्यांसमोर आहे. फिल्टरला पुडकं आहे. ‘सोमाटण्यापर्यंत जाऊन आलो, कागद धरला, पाणी मारलं, फट मोजली’ याची ओळ कुठल्या बिलात बसते? आपण डॉक्टरला तपासणीचे पैसे देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. मेकॅनिकनं तासभर डोकं लावून ‘काही झालं नाही, काचा उघडून गाडी पळवा’ म्हटलं, तर आपण ‘थँक्यू काका’ म्हणून निघतो. मग तो पुढच्या गिऱ्हाईकाला गॅस मारतो. काका आता तपासणीचे वेगळे पैसे आधीच सांगतात. ते ऐकून निम्मे लोक पलीकडच्या शेडमध्ये जातात, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण हिशेब होता.

लिकेज शोधणं तर याहून वेळखाऊ. साबणाचा फेस मोठं भोक दाखवतो. लहानासाठी नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहायचं, किंवा गॅसबरोबर रंग सोडायचा आणि काही दिवसांनी अतिनील दिव्याखाली पिवळा-हिरवा डाग शोधायचा. ओरिंग, भरण्याच्या पिना, दगड लागलेला कंडेन्सर, हे बाहेरून दिसतं. कॉइलच गळत असेल तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि त्यानंतर कुठून तरी खुळखुळ आवाज येतो तो कायमचा. म्हणून ‘सध्या गॅस मारू, पुढं बघू’ या वाक्यात गिऱ्हाईकाचीही मूक संमती असते.

हवेत जाणारा हा गॅस निरुपद्रवी असता तर गोष्ट पैशांवर संपली असती. गाड्यांत पूर्वी असलेला आर-12 हा गॅस ओझोनचा थर खातो हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये मांडलं, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, आणि भारतासकट विकसनशील देशांनी 2010 पर्यंत त्याचं उत्पादन थांबवलं. त्याच्या जागी आलेला 134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट ताकदीचा आहे. पाचशे ग्रॅम हवेत सोडणं म्हणजे सहा-सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. किगालीच्या 2016 च्या दुरुस्तीनं तोही हळूहळू कमी करायचा आहे. भारतानं तिला 2021 मध्ये मान्यता दिली. युरोप-अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत 1234वायएफ आलाय, तो महाग आहे आणि थोडा पेट घेणारा. काढून घेण्याचं यंत्र नसलेल्या गॅरेजात उरलेला गॅस पिन दाबून सरळ हवेत सोडतात. फुस्स आवाज येतो, नळीवर दव धरतं, काम पुढं सरकतं.

स्वस्त सिलिंडरांत आणखी एक धोका असतो. 134ए म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली मालात मिथिल क्लोराइड सापडलेलं आहे. ते कॉम्प्रेसरमधल्या ॲल्युमिनियमशी संयोग पावून असं संयुग तयार करतं जे हवा लागताच पेटतं. 2011 मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये जहाजी शीत-कंटेनरांची यंत्रं यामुळे फुटून माणसं मेली. गाडीचा एसी त्यामानानं लहान, पण धातू तोच. काकांनी म्हणूनच एक नियम ठेवलाय : दुसरीकडे गॅस मारून आलेली गाडी असेल तर आधी सगळा काढायचा, तो वेगळ्या बाटलीत ठेवायचा, आपल्या बाटलीत मिसळायचा नाही.

पुढचं काम ट्रकांचं येणार आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत आणि देहूरोडच्या रस्त्याकडेला रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरांच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यात अडचणही आहे. एसी इंजिनावर चालतो. केबिनमध्ये झोपायचं तर डिझेल जाळत इंजिन चालू ठेवावं लागणार. मालक ते चालू देईलच असं नाही. काचा उंच आणि रुंद, कंडेन्सरवर रस्त्याची सगळी धूळ, आणि गाडी दिवसाचे कितीतरी तास चौकाचौकांत सरकणारी. उशिरा गार होण्याची सगळी सामग्री तयार आहे.

काकांच्या शेडची कमान ट्रकला बुटकी पडते. पंप, वजनकाटा आणि सिलिंडर चाकांच्या एका गाड्यावर बसवून रस्त्याकडेलाच काम करायचं त्यांच्या मनात आहे. वेल्डिंगवाल्यानं गाड्यासाठी दिवाळीनंतरचा वायदा दिलाय.